विरजण होतं, तरी दही लागलं नाही

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असा तपशील गाळून):

"मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, बावीस वर्षं झाली. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीला. पाळी आली नाही म्हणून दाखवलं. सोनोग्राफीत गर्भाशय आहे पण लहान, अंडाशय दिसत नाहीत. मग गुणसूत्रांची तपासणी केली, ती ४६ एक्स-वाय आली. डॉक्टर 'स्वायर सिंड्रोम' म्हणाले आणि अंडाशयांच्या जागी असलेल्या पट्ट्या दुर्बिणीतून ऑपरेशन करून काढायला सांगितलं. एसआरवाय जनुक व्यवस्थित आहे, असं रिपोर्टात लिहिलंय. नंतरच्या मोठ्या तपासणीत एमएपी-३-के-१ नावाच्या जनुकात बदल सापडला.

बहिणीचं रडणं थांबत नाही. दिवस गेलेले असताना ग्रहणात भाजी चिरली, त्याचं हे फळ, असं तिने घेतलंय मनावर. मेहुणे विचारतात, 'म्हणजे हा मुलगाच ना?' तिच्या सासूबाई म्हणतात, पोरीला काही सांगू नका, अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून उरकून टाका. आणि मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, एक्स-वाय म्हणजे मुलगा! वाय आहे, एसआरवायही धड आहे, मग वृषण का झालं नाही? वरवरचं उत्तर नको, खोलात सांगा. ऑपरेशन बोर्डाच्या परीक्षेनंतर केलं तर चालेल का? भाचीने मात्र मला एवढंच विचारलं : मावशी, पुढच्या वर्षी पुण्याला हॉस्टेलवर जाता येईल ना? मला स्वतःला तेरा वर्षांची मुलगी आहे, तेही मनात घोळतंय."

*

प्रिय बाई,

शाळेतली मुलं तुम्हाला याच नावाने हाक मारत असणार, म्हणून मीही मारते.

मेहुण्यांचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे. नाही. तुमची भाची मुलगी आहे. तिला गर्भाशय आहे, अंडनलिका आहेत, योनिमार्ग आहे. सतरा वर्षं ती मुलगी म्हणून जगली आणि स्वतःला मुलगी समजते. प्रयोगशाळेतून कागद आला त्या दिवशी तिच्यात काहीही बदललं नाही. बदललं ते कागद वाचणाऱ्यांच्या डोक्यात.

आता तुमचा प्रश्न. तो मला मनापासून आवडला, कारण वैद्यकीय विद्यार्थीसुद्धा 'एसआरवाय नॉर्मल' या शब्दांपाशी येऊन थांबतात. वाय गुणसूत्रावर हे एक छोटं जनुक असतं, हे १९९० मध्ये लंडनच्या संशोधकांनी शोधलं. पुढच्याच वर्षी त्यांनी डीएनएचा तेवढा तुकडा एक्स-एक्स उंदराच्या गर्भात घातला आणि ते पिल्लू नर झालं. पुरावा इतका ठसठशीत होता की सगळ्यांनी एकच गोष्ट लक्षात ठेवली : एसआरवाय असलं की वृषण, नसलं की अंडाशय. दिव्याचं बटण. आपली पाठ्यपुस्तकं अजून त्या बटणावरच आहेत.

मी तुम्हाला बटणाऐवजी विरजण सांगते. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की सकाळी दही लागतं. पण ते लागतं विरजणातल्या जंतूंनी दुधात वाढून, पसरून. दूध गार असेल, विरजण अपुरं पडलं, थंडीत भांडं उघडं राहिलं, तर विरजण कितीही चांगलं असो, सकाळी दूधच हाती येतं. एसआरवाय हे विरजण आहे. तुमच्या भाचीच्या बाबतीत विरजण उत्तम होतं. पुढे पसरायचं काम अडलं. (आणि दही लागलं नाही म्हणजे दूध नासलं असं नव्हे, हे बहिणीला सांगायला विसरू नका.)

हे पसरायचं काम ज्यांच्यामार्फत होतं ते रेणू म्हणजे ग्रोथ फॅक्टर. मराठीत वृद्धिघटक म्हणतात, पण नावाने फसू नका. 'वाढवणारा' एवढाच त्यांचा अर्थ नाही. एका पेशीने बाहेर सोडलेलं आणि शेजारणीने आपल्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरने झेललेलं ते एक प्रथिन असतं. झेलणारी पेशी त्यावरून ठरवते की विभाजन करायचं, सरकायचं, की आपला धंदाच बदलायचा. असले पहिले रेणू शोधले म्हणून रीटा लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

आता गर्भात चला. साधारण सहा आठवड्यांचा गर्भ, लांबी सेंटिमीटरभर. त्याच्या पोटात पाठीच्या बाजूला दोन बारीक उंचवटे असतात. एक्स-एक्स असो की एक्स-वाय, सूक्ष्मदर्शकाखाली ते अगदी सारखे दिसतात. पुढे ज्यांची अंडी किंवा शुक्राणू व्हायचे त्या जननपेशी त्या वेळी पीतकोशाच्या (गर्भाला जोडलेल्या पिशवीच्या) भिंतीकडून चालत चालत तिथे येऊन पोचलेल्या असतात. वृषण व्हायचं की अंडाशय हे मात्र त्या ठरवत नाहीत. ते ठरवतात त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी. एक्स-वाय गर्भात या आधारपेशींत एसआरवाय जागं होतं, तेही थोडाच काळ. उंदराच्या गर्भात गर्भधारणेनंतर साधारण साडेदहाव्या दिवशी सुरू होऊन साडेबारापर्यंत ते विझतं. एवढ्या वेळात त्याने सॉक्स-९ नावाचं दुसरं जनुक चेतवलं की त्याचं काम संपलं. आता आधारपेशीची सर्टोली पेशी, म्हणजे वृषणातली आधारपेशी, होऊ लागते.

पण एसआरवाय विझल्यावर सॉक्स-९ पेटतं ठेवायचं कोणी? इथे पहिला ग्रोथ फॅक्टर येतो. त्याचं नाव एफजीएफ-९, आणि त्याची ओळख पटली ती जरा आडवाटेने. १९९३ मध्ये जपानमध्ये मेंदूच्या गाठीतून वाढवलेल्या पेशींनी सोडलेला घटक म्हणून तो सापडला. वृषणाशी त्याचं काही नातं असेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग अमेरिकेत सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. पिल्लं जन्मताच मरत होती, कारण फुप्फुसं पुरेशी वाढलेलीच नव्हती. पण आत पाहिल्यावर दुसरी गोष्ट दिसली. एक्स-वाय असलेल्या कित्येक पिल्लांत वृषणाच्या जागी अंडाशयासारखा अवयव, आणि गर्भाशयाची नळी! काहींत वृषण होतं पण खुरटलेलं. हा शोध २००१ मध्ये छापून आला.

बाई, इथे क्षणभर थांबा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे दडलंय. त्या पिल्लांत एसआरवाय धड होतं. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या ब्लांश केपल यांच्या गटाने दाखवलं की त्यांच्यात एसआरवाय वेळेवर जागं झालं आणि सॉक्स-९ सुद्धा पेटलं. फक्त टिकलं नाही, लवकरच मावळलं. सॉक्स-९ एफजीएफ-९ वाढवतं, एफजीएफ-९ शेजारच्या पेशीत सॉक्स-९ पेटतं ठेवतं, आणि ती शेजारीण पुढच्या शेजारणीला सांगते, अशी ती साखळी असते. कडी तुटली की पहिल्या ठिणगीचा उपयोग राहत नाही.

आणि हे फक्त 'हो' म्हणणाऱ्यांचं काम नाही. त्या न ठरलेल्या उंचवट्यात एफजीएफ-९ आणि विंट-४ असे दोन्ही निरोप सुरुवातीला फिरत असतात, मुलगा असो की मुलगी. विंट-४ अंडाशयाकडे ओढतो. अंडाशय म्हणजे 'काही घडलं नाही तर आपोआप होतं ते' हा समज १९९९ मध्ये विंट-४ नसलेल्या उंदरांनी मोडीत काढला. त्या माद्यांची अंडाशयं धड बनली नाहीत, उलट पुरुषी संप्रेरक तयार करू लागली. पुढे केपल यांच्याच गटाने मला फार देखणा वाटलेला प्रयोग केला. एफजीएफ-९ काढला तर वृषण होत नाही हे माहीत होतं. त्यांनी एक्स-वाय उंदरातून एफजीएफ-९ आणि विंट-४ दोन्ही काढले. सर्टोली पेशी परत आल्या, वृषण होऊ लागलं! म्हणजे एफजीएफ-९ चं मोठं काम वृषण 'बांधणं' हे नव्हतंच मुळी. त्याचं काम विंट-४ ला गप्प बसवणं हे होतं. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तेव्हा मला आमच्या सोसायटीच्या सभांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

सभेवरून दुसरा मुद्दा निघतो, गणपूर्तीचा. काही पेशी एक्स-एक्स आणि काही एक्स-वाय असलेले मिश्र उंदीर तयार करून पाहिलं, तर वृषण होण्यासाठी साधारण पाव ते तृतीयांश पेशी एक्स-वाय असाव्या लागतात. त्याहून कमी भरल्या की अंडाशय. आणि गणपूर्ती झाली की काही एक्स-एक्स पेशीसुद्धा, ज्यांच्याकडे वायचा पत्ताच नाही, शेजारच्यांचे निरोप ऐकून सर्टोली पेशी होतात! मग वेळ. जपानमधल्या एका गटाने उंदरात एसआरवाय हव्या त्या क्षणी चालू करण्याची सोय केली. खिडकी सापडली जेमतेम सहा तासांची. त्यानंतर एसआरवाय चालू केलं तरी वृषण नाही. विंट-४ च्या बाजूने सभा उरकलेली असते.

निरोप पसरतोही एका शिस्तीने, मधून दोन्ही टोकांकडे. म्हणून अर्धवट अडलेल्या प्रकरणांत अवयवाच्या मध्यभागी वृषणाचा भाग आणि टोकांना अंडाशयाचा असं मिश्रण सापडतं.

एफजीएफ-९ खेरीज आणखी घटक कामाला लागतात. त्यांच्यावर फार रेंगाळत नाही. इन्सुलिन आणि त्याचे भाऊबंद झेलणारे तीन रिसेप्टर एकदम काढले तर एक्स-वाय उंदरात अंडाशय होतात, हे २००३ मध्ये दिसलं. साखरेच्या आजारामुळे घराघरांत पोचलेला हा शब्द इथेही भेटतो, म्हणून सांगितलं. पीडीजीएफ नावाचा घटक शेजारून पेशी आत खेचायला आणि वृषणातल्या नळ्यांची घडण लावायला मदत करतो. आणि सर्टोली पेशी डेझर्ट हेजहॉग नावाचं प्रथिन सोडून बाहेरच्या पेशींना सांगतात की तुम्ही लायडिग पेशी व्हा, टेस्टोस्टेरॉन करायला घ्या. हेजहॉग म्हणजे काटेरी अंगाचा, लहानसा प्राणी. फळमाशीच्या काटेरी अळीवरून हे नाव पडलं. या जनुकात दोष असलेल्या एक्स-वाय व्यक्तींत वृषण अपुरं राहतं, शिवाय काहींच्या हातापायांच्या नसाही बिघडतात. जनुकांची नावं ठेवणाऱ्यांना एकदा आपल्याकडच्या बारशाला बोलवायला हवं.

आता एमएपी-३-के-१. पेशीच्या पृष्ठभागावर निरोप आला की तो आत केंद्रकापर्यंत पोचवणाऱ्या हरकाऱ्यांपैकी हा एक. २०१० मध्ये प्रथम कळलं की यातले काही बदल एक्स-वाय व्यक्तीत वृषण होऊ देत नाहीत. नंतरच्या कामातून असं दिसलं की हे बदल हरकाऱ्याला लुळा करत नाहीत, उलट जास्तच उत्साही करतात. त्याने तराजू सॉक्स-९ आणि एफजीएफ-९ कडून विंटच्या बाजूला झुकतो. विरजण चांगलं, दूध कोमट, पण कोणीतरी सारखं झाकण काढून पाहतंय. स्वायरच्या साधारण १५ टक्के मुलींत दोष खुद्द एसआरवायमध्ये सापडतो. उरलेल्यांत तो साखळीत पुढे कुठेतरी असतो आणि बऱ्याच जणींत आजच्या तपासण्यांनाही सापडत नाही. तुमच्या भाचीचा सापडला, ही तशी नशिबाची गोष्ट. पण रिपोर्टवर त्या बदलापुढे नेमकं काय लिहिलंय ते जेनेटिक काउन्सेलरकडून समजून घ्या. 'निश्चित कारणीभूत' आणि 'अर्थ अस्पष्ट' यांत फार अंतर आहे.

मग तिच्या शरीरात पुढे काय झालं? सर्टोली पेशी तयार झाल्या नाहीत, म्हणून त्यांचं एएमएच हे संप्रेरक तयार झालं नाही. ते असतं तर गर्भाशय आणि अंडनलिका जिच्यातून होतात ती नळी आठव्या ते दहाव्या आठवड्यांत विरली असती. ती विरली नाही, म्हणून तिला गर्भाशय आहे. लायडिग पेशी नाहीत, म्हणून टेस्टोस्टेरॉन नाही, म्हणून बाहेरची घडण मुलीची. हा नियम आल्फ्रेड जोस्त यांनी १९४० च्या दशकात फ्रान्समध्ये सशांच्या गर्भांवर दाखवला होता. इतक्या लहान वयात वृषण काढलं की गर्भ आतून-बाहेरून मादीसारखा घडतो. अंडाशयाची वाटही मात्र तिच्यात पुरी झाली नाही. जननपेशी टिकल्या नाहीत आणि उंचवट्यांच्या जागी तंतूंच्या पट्ट्या उरल्या. पट्ट्या इस्ट्रोजेन करत नाहीत, म्हणून स्तनांची वाढ आणि पाळी अडली. लंडनच्या जेराल्ड स्वायर यांनी अशा दोन स्त्रियांचं वर्णन १९५५ मध्ये केलं, तेव्हा माणसाची गुणसूत्रं ४६ असतात हेही ठरलं नव्हतं. ते ठरलं १९५६ मध्ये.

अशा मुली साधारण ८० हजारांत एक, असा अंदाज सांगतात. तुमच्या तालुक्यात कोणी 'असं कधी ऐकलं नाही' म्हणालं तर त्याचं नवल नाही.

बहिणीच्या ग्रहणाबद्दल. ग्रहणात चिरलेली भाजी एमएपी-३-के-१ बदलत नाही, तिखट, पपई आणि उपासतापासही नाही. हे तुम्ही तिला सांगितलं असेलच आणि तिला पटलं नसेल. अशा वेळी मी उंदरांची गोष्ट सांगते. स्वित्झर्लंडमधल्या पोस्कियावो खोऱ्यात उंदरांची एक जात आहे. त्यांचं वाय गुणसूत्र त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट नर जन्माला घालतं. अमेरिकेत ईवा आयकर यांनी तेच वाय प्रयोगशाळेतल्या एका नेहमीच्या, तितक्याच निरोगी जातीच्या उंदरांत संकराने आणलं. एक्स-वाय पिल्लांत अंडाशय किंवा अर्धंमुर्धं मिश्रण तयार झालं. वाय चांगलं, बाकीचा संच चांगला, पण दोघांची वेळ जमेना. हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचं काम आहे. या गोष्टीत गुन्हेगार शोधून दाखव, असं मी पालकांना म्हणते. कोणाला सापडत नाही.

आता एक अवघड गोष्ट. ती तुम्ही विचारली नाहीत, पण तेरा वर्षांच्या लेकीचा उल्लेख केलात म्हणजे मनात आली असणार. एमएपी-३-के-१ मधला बदल एक्स-एक्स स्त्रीत काही त्रास देत नाही. ती निरोगी असते, तिला मुलं होतात, आणि तिला पत्ताही नसतो. भाचीचा बदल तिच्यातच नव्याने झाला असेल तर प्रश्न मिटला. पण तो तुमच्या बहिणीकडून आला असेल तर तिच्याकडे तो तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो, आणि मग तो तुमच्यातही असण्याची शक्यता निम्मी. म्हणून आधी भाचीच्या आईवडिलांची तपासणी होऊ द्या. तिचा निकाल येईपर्यंत स्वतःचं रक्त द्यायची घाई नको. तुमच्या लेकीचं म्हणाल तर तिच्याकडे आईच्या नजरेने पाहा, विज्ञानशिक्षिकेच्या नाही. स्तनांची वाढ सुरू झालेली असेल तर अंडाशय कामाला लागलेत, आणि पाळीसाठी पंधरा वर्षांपर्यंत निवांत थांबता येतं. तेरा पुरी होऊनही वाढीची कसलीच खूण नसेल, तर मात्र एकदा दाखवा. तिची मावसबहीण आजारी आहे म्हणून नव्हे, कुठल्याही मुलीला दाखवायचं ते याच वयात.

ऑपरेशन. वाय गुणसूत्र असलेल्या पेशी अशा अर्धवट पट्ट्यांत राहिल्या की त्यांत गाठ होण्याचा धोका असतो. निरनिराळ्या पाहण्यांत तो १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत सांगितला जातो, आणि त्यातल्या काही गाठी कॅन्सरकडे वळतात. त्या पट्ट्या तिच्या कसल्याच कामाच्या नाहीत, म्हणून निदान झालं की काढतात. गर्भाशय काढायचं नसतं. हे सर्जनकडून स्पष्ट शब्दांत वदवून घ्या आणि संमतिपत्रावर नेमकं काय काढणार ते वाचून मगच सही करा. परीक्षेपर्यंत थांबायचं का, हे सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि रक्तातले ट्यूमर मार्कर (गाठीची चाहूल देणारे घटक) पाहून तिचे सर्जन ठरवतील. माझं मत विचाराल तर : त्या तपासण्या चांगल्या आल्या तर काही आठवडे इकडेतिकडे चालतात, 'आधी बारावी, मग सीईटी, मग ॲडमिशन, मग बघू' हे चालत नाही. दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन आहे. दिवाळीची सुट्टी समोर असेल तर ती सोडू नका.

पाठोपाठ इस्ट्रोजेन. ते अगदी कमी मात्रेत सुरू करतात आणि दोनेक वर्षांत हळूहळू वाढवतात, म्हणजे वाढ निसर्गाच्या चालीने होते. पुढे प्रोजेस्टेरॉन जोडलं की पाळी येऊ लागते. हे औषध केवळ दिसण्यासाठी नाही, हाडांसाठी आहे. पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत ते चालू ठेवावं लागतं. 'सतत हार्मोनच्या गोळ्या नकोत' म्हणून मध्येच बंद करायला लावणारे नातेवाईक भेटतील. त्यांना थायरॉइडची गोळी रोज घेणारी काकू दाखवा. आणि हो, तिला मूल होऊ शकतं. स्वतःचं बीजांड नाही, पण गर्भाशय आहे. दात्या स्त्रीचं बीजांड घेऊन टेस्ट ट्यूब पद्धतीने स्वायर असलेल्या स्त्रियांना बाळं झाली आहेत. आपल्याकडे याचे नियम २०२१ च्या कायद्यात आहेत. तो विषय आज सतरा वर्षांच्या मुलीपुढे लांबण लावून मांडायचं कारण नाही, पण तिने विचारलं तर 'कधीच नाही' हे खोटं उत्तर कोणी देऊ नये.

आणि अपेंडिक्स. सासूबाईंचा हेतू वाईट नाही, लोक काय म्हणतील या धास्तीतून बोलतात त्या. पण हे करू नका. का, ते माझ्याच चुकीतून सांगते. रेसिडेंट होते तेव्हाची गोष्ट. वॉर्डात राउंड चालू होता, पलंगावर अशीच एक मुलगी होती, तुमच्या भाचीएवढी. मी विद्यार्थ्यांना इंग्रजीत सांगितलं की ही 'जेनेटिकली मेल' आहे. मराठी शाळेतली पोर, हिला काय कळणार, असा माझा हिशेब. ती बारावी सायन्सला होती. तिने काही विचारलं नाही, फक्त भिंतीकडे तोंड केलं आणि डिस्चार्ज मिळेपर्यंत आमच्यापैकी कोणाशीही बोलली नाही. पुढच्या तपासणीला ती आलीच नाही. हार्मोन घेतले की नाही, हाडं कशी आहेत, मला आजपर्यंत ठाऊक नाही. तुमची भाचीही बारावीला आहे. फाइलवर स्वायर हा शब्द आहे आणि तिच्या हातात मोबाइल आहे. तिला कळणारच. कोणाच्या तोंडून कळावं, एवढंच तुमच्या हातात आहे.

तुम्ही सांगा. आई रडेल, तुम्ही कदाचित शिकवाल, आणि या घटकेला शिकवणं बरं. मी साधारण असं म्हणेन : "तुझ्या पोटात अंडाशय तयार व्हायच्या वेळी पेशींचे निरोप एकमेकींपर्यंत नीट पोचले नाहीत. त्यामुळे ते पूर्ण बनले नाहीत. तुझी गुणसूत्रं एक्स-वाय आहेत. आम्ही वर्गात शिकवतो ते सरसकट खरं नाही, आणि तू त्याचं उदाहरण आहेस. तू मुलगी आहेस. जे अर्धवट राहिलं त्याने पुढे त्रास होऊ शकतो म्हणून काढायचं, आणि जे संप्रेरक बनत नाही ते औषधातून घ्यायचं." मग गप्प बसा. तिला विचारू द्या. एकाच बैठकीत सगळं सांगून मोकळं होण्याचा मोह शिक्षकांना फार असतो. हे कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हे इथून पुढे तिने ठरवायचं. लग्नाचं ठरायच्या वेळी जोडीदाराला तिने स्वतः सांगावं असं माझं मत आहे, पण आज आत्या, काकू आणि शेजारच्या काकांना त्या यादीत जागा नाही. मेहुण्यांना डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा आणि 'हा मुलगाच ना' हे तिथे विचारू द्या, घरात नको. भिंती पातळ असतात.

फळ्याचं काय करायचं? 'एक्स-वाय म्हणजे बहुतेक वेळा मुलगा' असं लिहा. 'बहुतेक' का, असं कोणीतरी विचारेल. त्या दिवशी भाचीचं नाही, इटलीतल्या एका कुटुंबाचं उदाहरण द्या. तिथे चार सख्खे भाऊ एक्स-एक्स होते. वाय नाही, एसआरवाय नाही, तरी पुरुष. त्यांच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी जाड होती आणि त्या धाग्यावरून २००६ मध्ये आर-स्पॉन्डिन-१ हा आणखी एक निरोप्या सापडला. तो विंट-४ च्या बाजूचा. तोच नसल्यामुळे दुसऱ्या बाजूला गप्प बसवायला कोणी उरलं नव्हतं. दहावीच्या मुलांना एवढं सहज कळतं, आणि मागच्या बाकावरचेसुद्धा त्या तळहाताच्या कातडीपाशी मान वर करतात.

राहिला भाचीचा प्रश्न. मोठ्यांनी अकरा प्रश्न विचारले आणि कामाचा तिनेच विचारला. हो, पुढच्या वर्षी पुण्याला हॉस्टेलवर जाता येईल. तोवर ऑपरेशन होऊन गेलेलं असेल आणि रोजची एक गोळी किंवा त्वचेवर लावायचा पॅच, एवढंच उरलेलं असेल. गोळ्यांची पाकिटं कपाटात ठेवायची की बॅगेत, आणि रूममेटने विचारलं तर काय सांगायचं, हे तिच्याशी बसून ठरवा. 'हार्मोनची आहे, डॉक्टरांनी दिलीय' एवढं पुरतं. सहा महिन्यांनी एकदा पुण्यातच दाखवता येईल असा एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांचा डॉक्टर, आताच शोधून ठेवा, म्हणजे फॉलो-अपसाठी गावी येण्यात तिची प्रॅक्टिकल्स बुडणार नाहीत.